चौथ्या गाण्याचं मूळ

दानीएल भिंगारदिवे कुठलाही अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहीत नसे. पहिल्यांदा घरात, जुन्या डेकला जोडलेल्या दोन लाकडी स्पीकरांवर. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, डोळे मिटून. आणि तिसऱ्यांदा बसमध्ये. केडगावात बसायचं, माळीवाड्याला उतरायचं आणि दुसऱ्या गाडीनं परत यायचं. ही गाणी रस्त्यावर जन्मली, ती रस्त्यावरच तपासली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको हेलन म्हणायची, "कंडक्टरला वाटत असेल, म्हाताऱ्याला घर सापडत नाही."

त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस आठ वर्षांपासून महिन्याला दोन परीक्षणं इंटरनेटवर लिहीत होता. एक नव्या रॅप अल्बमचं, एक जुन्याचं. नवे म्हणजे नगर, पुणे, संभाजीनगरच्या पोरापोरींनी घरच्या लॅपटॉपवर केलेले. जुने म्हणजे अमेरिकेतले, तिकडच्या गरीब वस्त्यांमधून तीस-चाळीस वर्षांपूर्वी आलेले. तारे-बिरे तो देत नसे. शेवटी दोनच शब्द असत: 'परत ऐकेन' किंवा 'ठेवून देईन'. 'ठेवून देईन' आलं की पोरं आठवडाभर तोंड पाडून फिरत.

पण त्याचं खरं नाव झालं होतं ते 'मूळ' या मथळ्यामुळे. रॅप करणारे जुन्या रेकॉर्डवरचा एखादा तुकडा कापून घेतात, तो फिरवत ठेवतात आणि त्याच्यावर आपले शब्द बोलतात. तो तुकडा कुठून उचलला, आवाज कुणाचा, साल कुठलं, हे दानीएल शोधून काढायचा. बँडवाल्यांच्या जुन्या तबकड्या, मिशनच्या कंपाउंडमधली भजनं, जत्रेतल्या मौत का कुआँची जाहिरात, काही त्याच्या कानातून सुटत नसे. पोरं मुद्दाम अवघड तुकडे लपवून ठेवत आणि 'काकांना सापडतंय का' याची वाट बघत. आजवर एकदाही त्याने मूळ चुकीचं लिहिलं नव्हतं. आयुष्यात अभिमान बाळगावा असं त्याच्यापाशी एवढंच होतं.

तो या वाटेला लागला त्र्याण्णव साली. तेव्हा माळीवाड्यात त्याचं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. मिशनमध्ये आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या मुलाने एक अडकलेली कॅसेट दुरुस्तीला दिली आणि तो परत न्यायला आलाच नाही. दानीएलने टेप सरळ केली, लावली आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून दिवसभर तीच ऐकत बसला. इंग्रजी निम्मंच कळत होतं. पण त्याला कळलं ते वेगळंच. सातासमुद्रापलीकडे कुणीतरी बसून, आपण कापतो तशीच टेप कापत होतं. दानीएल कीर्तनाच्या टेपमधून बुवांचा खोकला कापायचा, माइकची खरखर कापायची. ही पोरं मात्र कापलेलंच पुढे ठेवत होती. खरखर, ठोका, श्वास, सगळं. त्या अल्बमवर पुढे कधीतरी त्याने लिहिलं, 'ठोका आणि माणूस यांच्यामध्ये यांनी जी फट ठेवली आहे, तिच्यात उभं राहून मी तीस वर्षं काढली.'

गेल्या वर्षी दिवाळीनंतर निकिताचा अल्बम आला. निकिता हिवरे बाजारच्या बाजूची, पंचविशीची. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायची आणि मधल्या वेळात गाणी करायची. भंगारवाल्यांकडून जुन्या कॅसेट उचलून आणायचा तिला नाद होता. तिने फोनवर सांगितलं, "काका, चौथं गाणं नीट ऐका. त्याचं मूळ मलापण माहीत नाही. तुम्हाला सापडलं तर मानलं."

गुरुवारी दुपारी दानीएलने अल्बम लावला. पहिली तीन गाणी चांगली होती. ही पोरगी उगाच ओरडत नव्हती. चौथं सुरू झालं, आणि ठोक्याच्या आधी नुसती टेपची घरघर आली. तिच्या तळाशी जनरेटरचा आवाज. दर काही सेकंदांनी बारीक 'टक'. मग एका बाईचा लांबवर ओढलेला, खालच्या सुरात उतरवलेला हुंदका.

दानीएल खुर्चीत ताठ झाला. ती 'टक' त्याची होती. दुकानातल्या पहिल्या डेकच्या चाकाचा एक दात तुटलेला होता, तो दर फेऱ्याला वाजायचा. आणि तेवढ्यात वीज गेली.

मोबाईलवर पुढचं ऐकता आलं असतं. पण पहिलं ऐकणं स्पीकरवरच, हा त्याचाच नियम. तो वाट बघत बसला, आणि बसल्या बसल्या त्याला आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. आपल्या दुकानातला आवाज नव्या पोरीच्या अल्बममध्ये. असं कुणाच्या नशिबी येतं? त्याने मोबाईल उचलला आणि वाचकांसाठी दोन ओळी टाकल्या: 'निकिताच्या चौथ्या गाण्यातला आवाज माझ्या स्वतःच्या हातांनी टेपवर उतरलेला आहे. कुणाचा, कुठला, ते येत्या रविवारी.' तासाभरात शेकडो पोरांनी ते पुढे पाठवलं.

वीज पाच वाजता आली. त्याने गाणं पुन्हा लावलं. निकिताचे शब्द संपले, ठोका थांबला, आणि शेवटी तिने तो तुकडा जसाच्या तसा, न कापता वाजवला. गावाकडच्या बाईचा दबलेला आवाज.

'ज्योते, घास घे. मी सांगन. चपला ह्यांनी मागनं नेऊन ठिवल्या हिरीवर, मी पायलंय. मी सांगन गं. आता घे.'

हेलन चहा घेऊन आली तेव्हा दानीएल भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"काय झालं? बीपीची गोळी घेतली का?"

"हेलन, मी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही," तो म्हणाला.

साल सत्त्याण्णव. नदीकाठच्या एका गावाहून गहिनीनाथ नावाचा बागायतदार दुकानात आला होता. धाकट्या भावाची बायको ज्योती विहिरीत पडून गेली होती. बावीस वर्षांची पोर. विहिरीच्या कडेला तिच्या चपला शेजारी शेजारी मांडलेल्या सापडल्या, म्हणून सगळे म्हणाले की तिनेच जीव दिला. दहाव्याच्या प्रवचनाची कॅसेट करायची होती. तेव्हा घरोघर तशी पद्धतच पडली होती. दानीएल जनरेटर, कर्णा, डेक घेऊन गेला.

प्रवचन चालू होतं आणि कावळा पिंडाला शिवेना. तासभर झाला. बुवा थांबले, कर्णा बंद केला, माणसं बाभळीच्या सावलीला सरकली. एकेक नातेवाईक पुढे जाऊन मेलीला शब्द देऊ लागला. नवरा म्हणाला, दुसरं लग्न करणार नाही. आई म्हणाली, तुझ्या नावानं गाय सोडीन. कावळे झाडावर तसेच. शेवटी मोठी जाऊ, बनुबाई, उठली. गहिनीनाथची बायको. ती पिंडाजवळ उकिडवी बसली आणि वाकून काहीतरी पुटपुटली. ती उठून चार पावलं मागे आली न आली तोच कावळा उतरला. माणसं म्हणाली, जावाजावांचं प्रेम बघा.

कर्णा बंद होता, पण डेक चालू राहिला होता. आणि माइक बनुबाईपासून दोन हातांवर पडला होता.

दानीएलने ते दुकानात आल्यावर ऐकलं. एकदा, दोनदा. टेपमध्ये कुणाचं नाव नव्हतं. पण बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, 'ह्यांनी' म्हणते. आवाज कुणाचा हे कळलं, की चपला ठेवणारा कोण हे आपोआप कळत होतं. त्याने दुसऱ्या डेकवर प्रत काढताना पॉजचं बटण दाबून तेवढा भाग गाळला. गहिनीनाथ स्वतः कॅसेट न्यायला आला. "समदं नीट आलंय न्हवं?" त्याने विचारलं. दानीएल म्हणाला, "आलंय."

"आपण ख्रिस्ती माणसं," तो हेलनला सांगत होता, "दुसऱ्याच्या दहाव्यात काय बोलायचं, असं मी मनाला समजावलं. कच्ची टेप पुसायला हात धजला नाही. ती खोक्यात टाकली आणि दुकान मोडलं तेव्हा भंगारात दिली."

हेलन जन्मभर सिव्हिलमध्ये नर्स होती. तिने विचारलं ते एवढंच, "ती बाई जिवंत आहे?"

"आहे. त्याच घरात."

त्याने निकिताला फोन केला, गाणं काढून टाक म्हणाला. कारण सांगितलं नाही. ती हसली. "काका, मी काढीन. पण पोरांच्या मोबाईलमधून कसं काढू? ट्रॅक्टरवर वाजतंय ते. तिकडं नदीकाठाला तर लई."

शुक्रवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दानीएल साउंडवाले का? रामराम. वळखलं का? सत्त्यान्नवला तुमी आमच्याकडं आल्ता."

आवाज म्हातारा झाला होता, पण गहिनीनाथचाच होता. सावकाश, गोड.

"नातवाच्या मोबाईलात एक गानं लागलंय. पोरगं दिवसभर त्येच लावतंय. मला त्यातला बाईमानसाचा आवाज वळखीचा वाटतो. पर वय झालं आता, कानाचा भरवसा न्हाई. नातू म्हनला, तुमी रईवारी लिवनार हाय, कुनाचा आवाज हाय त्यो."

दानीएलने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिवा की. मंग आमाला बी कळंल." मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज झाला, आणि तिकडे तोंड वळवून तो म्हणाला, "अगं, च्या आन." मग पुन्हा फोनमध्ये, "रईवारची वाट बगतो."

शनिवारी दानीएल तिसऱ्या ऐकण्यासाठी बसमध्ये बसला. मागच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं तेच गाणं वाजवत होती. 'मी सांगन गं, मी सांगन गं.' एक पोरगा ते हावभाव करून म्हणत होता आणि दुसरा हसत होता. दानीएल मधल्याच थांब्यावर उतरला आणि चालत घरी आला. आजवर तिसरं ऐकणं त्याने अर्धवट टाकलं नव्हतं.

"खरं लिहायचं नसेल तर जागा रिकामी सोडा," हेलन म्हणाली. "पण खोटं लिहू नका."

"रिकामी सोडली तर त्याला कळेल की लपवण्यासारखं काहीतरी आहे."

रविवारी उपासनेहून आल्यावर तो लिहायला बसला. अल्बम गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात चांगला होता. ते लिहायलाही हात उचलेना. चांगला म्हटलं असतं तर आणखी लोकांनी ऐकला असता. त्याने लिहिलं, 'ठोके सारखे वाटतात. चौथं गाणं ओढून ताणून केलेलं आहे. ठेवून देईन.' आणि खाली, 'मूळ: एका जुन्या, नाव नसलेल्या टेपवरचा आवाज. गाव आठवत नाही. ही बाई आता हयात नाही.'

ते शेवटचं वाक्य लिहिताना त्याला बरं वाटलं. मेलेल्या बाईच्या मागे कोण लागतं? आता गहिनीनाथचा संशय गेला, असं त्याला वाटलं. निकिताचा निरोप आला: 'काका, तुम्ही नीट ऐकलं नाही.' त्याने मोबाईल पालथा ठेवला.

सोमवारी सकाळी दहाला फोन वाजला.

"वाचलं बरं का. नातवानं वाचून दावलं." गहिनीनाथचा आवाज आता मोकळा होता. "बरं लिवलं तुमी. इतकं बरं लिवलं, की मला खात्रीच पटली. आवो, गाव आठवत न्हाई म्हनता, आन् बाई मेली त्ये बरं आठवतंय."

दानीएल भिंतीला टेकला.

"आसू द्या. हयात न्हाई म्हनता, म्हंजी न्हाई. मानसानं एकदा लिवलं की लिवलं. आता कुनी इचारलं, तर आमी तुमचंच नाव सांगू. आन् एक इचारायचं हुतं. दहाव्याचं रेकॉर्डिंग करता का हो आताशा?"

"नाही," दानीएल म्हणाला. "बंद केलं."

"न्हाई, सहज इचारलं. आमची मंडळी बी आता थकलीय. हिरीकडं पानी बगाया जाते, पाय थरथरत्यात तिचे. कवा काय हुईल, सांगता येत न्हाई." आणि फोन ठेवला.

हेलन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन स्पीकरवर नव्हता, म्हणून दानीएलने तिला विहिरीचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिने गॅस बंद केला, पर्स उचलली.

"त्या पोरीकडे गाडी आहे ना? दुधाची?"

दानीएलने निकिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी त्या आवाजावर नाचत होते, काका." अकराच्या आत तिचा पिकअप दाराशी आला. मागे रिकामे कॅन खडखडत होते. तिघं पुढे दाटीवाटीने बसली. वाटेत दानीएलने मोबाईलवर नवं 'मूळ' लिहिलं, पण पाठवलं नाही. ते पाठवायचा हक्क आपल्याकडे नाही, एवढं त्याला आता कळलं होतं.

तासा-दीड तासाने गाव आलं. ऊस उंच वाढलेला, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला. नदीकाठी बाभळी तेवढ्याच होत्या. गहिनीनाथच्या वस्तीवर, मोठ्या स्लॅबच्या घरापुढे, एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. पायात काही नव्हतं. घरापासून हाकेच्या अंतरावर, लिंबाखाली, दोन माणसं मोटारसायकलला टेकून उभी होती. त्यातला पांढऱ्या टोपीचा कोण, हे दानीएलला वळून न बघताच कळलं.

हेलन आधी उतरली. सरळ बनुबाईपाशी जाऊन बसली आणि नर्स पेशंटची धरते तशी तिची मनगटाशी नाडी धरली. "बाई, मी नगरहून आले. हे माझे मालक. सत्त्याण्णवला दहाव्याला मशीन घेऊन आले होते ते."

बनुबाईने दानीएलकडे पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी नजर चुकत नव्हती.

"तुमीच व्हय ते," ती म्हणाली. "म्या त्या पोरीचं गानं ऐकलं. पयल्यांदा वाटलं, ज्योतीच मला चिडवती. मंग कळलं, माजाच आवाज हाय." तिने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मला वाटलं, चला, मी न्हाई सांगितलं तर मशिनीनं तरी सांगितलं. मंग काल पोरानं वाचून दावलं, मी मेले म्हनून."

दानीएलने हात जोडले. "माझं चुकलं. तेव्हाही आणि कालही."

लिंबाखालून हाक आली. "कोन पावनं आलंय गं?" आवाजात काळजी होती, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढी.

"इथं राहू नका," हेलन हळूच म्हणाली. "गाडी दारात आहे. तालुक्याला पोलीस स्टेशनला जाऊ. आम्ही दोघं सोबत बसू. बोलायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

बनुबाईने सूप बाजूला ठेवलं. मांडीवरची टरफलं झटकली. मग उंबऱ्याशी गेली आणि तिथल्या चपला पायात घालू लागली. वाकता येत नव्हतं, म्हणून पायानेच चाचपून, एक, मग दुसरी. तिला घाई नव्हती. तोवर गहिनीनाथ अंगणाच्या कडेपर्यंत आला होता.

"कुटं निगाली?"

ती त्याच्या अंगावरून पुढे गेली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्याला उत्तर न देता ती कधी उंबऱ्याबाहेर पडली असेल असं वाटत नव्हतं. गहिनीनाथने हात पुढे केला, पण निकिता मोबाईल उंच धरून चित्रण करत उभी होती, आणि शेजारच्या वस्तीवरच्या बायका कुंपणाशी येऊन थांबल्या होत्या. त्याने हात मागे घेऊन टोपी सारखी केली. "जा," तो म्हणाला. "फिरून ये. संध्याकाळी घरीच यायचंय तुला."

पिकअप उसातून निघाला. निकिता चालवत होती, शेजारी हेलन आणि बनुबाई. दानीएल मागे कॅनच्या मध्ये बसला होता आणि मधल्या काचेच्या खिडकीतून आत वाकला होता. पाचेक मिनिटांनी मागच्या वळणावर मोटारसायकल दिसली. ती जवळ येत नव्हती आणि लांबही पडत नव्हती.

"ते कुटं हाय, मी बोललेलं?" बनुबाईने विचारलं. "मला पुरतं ऐकायचंय. पोरगं मदीच बंद करतंय."

दानीएलने लावलं. घरघर, 'टक', हुंदका. 'ज्योते, घास घे. मी सांगन.' म्हातारी स्वतःचा सत्तावीस वर्षांपूर्वीचा आवाज मान खाली घालून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "मूळ का काय लिवता म्हनं तुमी?"

"हो. लिहून ठेवलंय. पाठवलं नाही."

"वाचा."

त्याने वाचलं. "मूळ: साल एकोणीसशे सत्त्याण्णव, नदीकाठ, ज्योतीचा दहावा. आवाज बनुबाईंचा. बाई हयात आहेत. टेप मी उतरवली आणि तेवढा भाग मीच गाळला. काल जे लिहिलं ते खोटं होतं. अल्बम परत ऐकेन." वाचताना रस्त्याच्या खड्ड्यांनी त्याचा आवाज हलत होता.

"पाठवा," बनुबाई म्हणाली. मग तिने मागच्या काचेतून एकदा रस्त्याकडे पाहिलं. मोटारसायकल तेवढ्याच अंतरावर होती. आता तिच्यामागे आणखी एक आली होती. "पर तेवडंच न्हाई. कावळा तेवड्यावरच शिवला, म्हनून मी थांबले हुते. म्होरलं सांगायचं ऱ्हायलंय."

तालुका अजून बारा किलोमीटर होता. निकिताने वेग वाढवला. हेलनने बनुबाईचा हात धरला.

"थांबा," दानीएल म्हणाला. त्याने मोबाईल खिडकीतून आत घातला, बनुबाईच्या तोंडाजवळ, दोन वितींच्या अंतरावर, आणि रेकॉर्डिंग सुरू झालंय की नाही ते दोनदा तपासलं. "हं. आता सांगा. मी काही गाळणार नाही."